धुरकऱ्यावर बंदी किती वर्षांची घालावी?

प्रश्न दिग्रसकडच्या एका पट समितीतल्या, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत भरवणाऱ्या समितीतल्या, तरुण सदस्याचा आहे. थोडक्यात असा : गेल्या हंगामात त्यांच्या गावच्या शंकरपटात खुल्या गटात जी जोडी पहिली आली, तिच्या धुरकऱ्यानं, म्हणजे जोडी हाकणाऱ्यानं, शेवटच्या टप्प्यात बाहीतून खिळा ठोकलेली वीतभर काडी काढली आणि बैलांना टोचली. पंचांना ते दिसलं नाही. बक्षीस वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलमधला व्हिडिओ गावभर फिरला. समितीनं बक्षीस परत मागितलं, मालकानं दिलं नाही. आता या वर्षीच्या पटाची तयारी सुरू आहे आणि बैठकीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, त्या धुरकऱ्यावर आजन्म बंदी टाका. दुसरा म्हणतो, थोडंबहुत सारेच करतात, पाच हजार दंड घ्या अन् सोडा. तो आला नाही तर त्याच्या ओळखीच्या जोड्याही येणार नाहीत. तर नियमात नेमकी किती शिक्षा लिहावी, असं या भाऊंनी विचारलं आहे.

भाऊ, मी तरुणपणी छकड्यावर, म्हणजे जोडीमागच्या हलक्या गाडीवर, बसत होतो. नंतर अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात पंच म्हणून उभा राहत आलो. धुरकऱ्याचा राग, मालकाचा राग आणि समितीची पंचाईत, तिन्ही जवळून पाहिली आहेत. त्या जोरावर सांगतो की आकडा शेवटी ठरवा. तुमच्या बैठकीत भांडण चाललंय ते आकड्यावरून दिसतं खरं, पण त्याच्या खाली तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. जोडीची ती वेळ धरायची होती का? नव्हती. धुरकऱ्यानं गुन्हा केला का? केला. मालकाला माहीत होतं का? हे अजून कोणी विचारलेलंच दिसत नाही. या तिन्हींची उत्तरं तुम्ही ‘धुरकऱ्यावर बंदी’ या एकाच शिक्षेत कोंबायला निघालात, म्हणून ती एका तटाला कमी वाटते आणि दुसऱ्याला फार.

मी जिथं पंच असतो तिथं पहिल्याच बैठकीत हे वेगळं करून घेतो. जोडीचा निकाल एक, धुरकऱ्याची शिक्षा दुसरी, मालकाची जबाबदारी तिसरी.

निकाल रद्द होणं ही शिक्षाच नाही, हे आधी गावाला पटवून द्यावं लागतं. नियमाबाहेर जाऊन काढलेली वेळ धरायची नाही, मग ती चूक जाणूनबुजून झालेली असो की नसो. एका पटात डावा बैल झेंडीला बुजला आणि जोडी शेजारच्या धावपट्टीत घुसली. धुरकरी बिचारा कासरा ओढून ओढून अर्धा मागं कलंडला होता, सगळ्यांनी पाहिलं. आम्ही त्याची धाव बाद केली, शेजारच्या जोडीला बैल निवल्यावर पुन्हा धाव दिली आणि धुरकऱ्याला काहीच शिक्षा केली नाही. मालक भडकला, “आमच्या पोराची चूक नाही म्हनता, मंग धाव काहून कापली?” त्याला म्हटलं, शेजारच्या जोडीची तरी काय चूक होती? तो तिथंच थंड झाला असं नाही, पण संध्याकाळी चहाला आला. निकालाला शिक्षा समजलं की पंच निकाल कापायला कचरतो, कारण त्याला वाटतं आपण धुरकऱ्याला चोर ठरवतोय. निकाल वेगळा काढला की पंचाचा हात मोकळा होतो.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. पुतण्यानं एकदा मोबाइलवर अमेरिका-कॅनडातल्या घोडागाडीच्या शर्यती दाखवल्या. हार्नेस रेसिंग म्हणतात त्यांना. मागं दोन चाकांची हलकी गाडी, तिला सल्की म्हणतात, आणि तीवर एक जण बसलेला. घोड्यानं ठरलेल्या चालीतच पळायचं, चौखूर उधळायचं नाही. उधळला तर चालकानं त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं आणि त्या भानगडीत पुढं सरकून फायदा घ्यायचा नाही. दुसऱ्याची वाट अडवली तर घोडा निकालात खाली उतरवतात. चालकाला दंड करायचा की काही दिवस बंदी घालायची, हा निर्णय वेगळा होतो. चालकाकडे परवाना असतो, त्यामुळे बंदी त्या माणसाला चिकटते, घोड्याला नाही. आपल्याकडे परवाना नाही, पैसाही त्यांच्याएवढा नाही. पण निकाल आणि शिक्षा वेगळी ठेवायला परवाना लागत नाही.

त्या शर्यतींमधली आणखी एक गोष्ट मला फार कामाची वाटली. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात चालकानं शर्यतभर दोन्ही हातांत एकेक लगाम धरून ठेवायचा असा नियम केला. दोन्ही हात गुंतले की चाबूक उंच उगारायला हात उरत नाही. नियम किती साधा आहे बघा. लांब उभ्या माणसालाही तो मोडलेला दिसतो.

आता तुमच्या पत्रकातला नियम वाचा. बहुतेक पत्रकांवर असतं तसंच असेल : ‘बैलांशी क्रूरता करू नये.’ हे वाक्य बरोबर आहे, पण पंचानं त्यावरून बघायचं काय? जोडी सुसाट येतेय, धुरळा उडालाय, दोन्ही बाजूंनी पोरं ओरडतायत, धाव काही सेकंदांत संपते आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. त्यात ‘क्रूरता’ कोणाला दिसणार? हात दिसतो. म्हणून नियम हातावर लिहा. सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत धुरकऱ्याच्या हातात कासऱ्याशिवाय दुसरं काही दिसलं, किंवा त्याचा हात शेपटीला वा पुठ्ठ्याला लागला, की धाव बाद. टोचलं की नाही, किती जोरात, बैलाला लागलं की नाही, यातलं काही सिद्ध करायची गरज नाही. ते शिक्षेच्या वेळी बघू. धाव बाद करायला हात पुरे.

जुने धुरकरी यावर नाक मुरडतील. शेपटीला हात न लावता पट हाकता येतो का, असं विचारतील. येतो. ज्याची जोडी आवाजावर तयार केलेली असते त्याला येतो, आणि ज्यानं महिनाभर जोडी नुसती गोठ्यात बांधून ऐन पटाच्या दिवशी बाहेर काढली त्याला येत नाही. नियमानं पहिल्याला फायदा झाला तर मला त्याचं वाईट वाटत नाही. तळेगाव दशासरला बायका छकड्यावर बसतात तो पट कधी पाहिला असेल तर आठवून बघा, आवाजावर जोडी कशी पळते ते.

सुटायच्या आधीची तपासणीही हातापासूनच करा. बाह्या कोपराच्या वर, अंगठ्या आणि कडं काढून, खिसे रिकामे, कमरेला काही खोचलेलं नाही. तुमच्याकडची काडी बाहीतून निघाली. मी अंगठीच्या आतल्या बाजूला घासून टोकदार केलेला तारेचा तुकडा पाहिला आहे, आणि खिशात मावणारा, झटका देणारा बॅटरीचा चिमटाही. तपासणीत धुरकऱ्यांना अपमान वाटतो, हे खरं आहे. त्यावर उपाय एकच : पहिली तपासणी तुमच्या गावच्या जोडीची करा, सरपंचाची जोडी असेल तर तिच्यापासून सुरुवात करा, आणि सगळ्यांसमोर करा. मग बाहेरगावचा माणूस बोलत नाही.

आता कायद्याचं, कारण तुमचा दुसरा तट ‘पाच हजार घ्या अन् सोडा’ म्हणतो तिथं मोठा धोका आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जलीकट्टूबरोबर आपल्याही शर्यती बंद केल्या, त्या जनावरांच्या छळाच्या मुद्द्यावरच. २०१७ मध्ये आपल्या विधिमंडळानं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, पण ती पुन्हा कोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती कायम केली. त्या निकालातच म्हटलंय की नियम काटेकोर पाळले जातात की नाही याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची. म्हणून तर जिल्हाधिकारी कचेरीतून परवानगी काढावी लागते, अनामत भरावी लागते आणि बैल धडधाकट असल्याचं पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की खिळा, तुतारी (टोकाला अणी लावलेली काठी), चाबूक, बॅटरी, असलं काही वापरलेलं आढळलं तर तो समितीच्या घरचा मामला राहत नाही. पाच हजारांची पावती फाडून तो मिटवणं म्हणजे गुन्हा माहीत असून झाकणं. परवानगी समितीच्या नावावर आहे, धुरकऱ्याच्या नाही. तो उद्या दुसऱ्या गावी जाईल. अनामत तुमची अडकेल आणि पुढच्या वर्षी कचेरीत अर्ज घेऊन तुम्हीच उभे राहाल. असलं प्रकरण हाताला लागलं की तिथं हजर असलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना त्याच वेळी सांगायचं, वहीत नोंद करायची. समितीची शिक्षा कायद्याच्या कारवाईसोबत चालते, तिच्या बदल्यात नाही.

‘सारेच करतात’ म्हणणाऱ्यांना मी भाषण देत नाही. २०१४ ते २०२१ या काळात पटाच्या जोड्यांचं काय झालं ते त्यांच्याच गावातल्या म्हाताऱ्या मालकाला विचारा म्हणतो. ज्यांनी लेकरासारखे पोसलेले गोऱ्हे मिळेल त्या भावात बाजारात नेले, ते लोक सगळ्या गावांत आहेत.

पुरावा हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात कच्चा धागा आहे, म्हणून इथं जरा थांबतो. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एक असे समितीचे कॅमेरे लावा, मोबाइल असले तरी चालतील, पण ते धुरकऱ्याच्या हातावर रोखलेले हवेत. बहुतेक ठिकाणी चित्रण करणारा बैलांच्या तोंडाकडं कॅमेरा धरतो कारण तेच देखणं दिसतं. शेवटचा तिसरा भाग मागून टिपणारा माणूस मुद्दाम नेमा. काडी निघते ती तिथंच, जेव्हा बैल दमायला लागतात.

दुसरा पुरावा बैलाच्या अंगावर असतो. नोंदणीच्या वेळी अर्जावर बैलाची नुसती बाह्यरेषा छापून घ्या आणि आधीच्या जखमा, वळ, खांद्यावरची जुनी गाठ, त्यावर खूण करून ठेवा. मालकाची सही घ्या. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांकही तिथंच लिहा; जोडी बदलून दुसऱ्या गटात पळवायची हौस त्यानं आपोआप कमी होते. धावेनंतर पहिल्या काही क्रमांकांच्या आणि संशय आलेल्या जोड्या दोर बांधलेल्या जागेत न्यायच्या, तिथं पशुवैद्यकीय अधिकारी आणि एक पंच सोडून कोणी जायचं नाही. शेपटीचं बूड, शेपटीची मणकी, दोन्ही पुठ्ठे, मांड्यांची आतली बाजू बघायची. ताज्या टोचणीला केस चिकटलेले असतात, बोटानं केस उलटे केले की टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसतो आणि बैल अंग चोरतो. जुना डाग कोरडा, कडक असतो, त्याच्या भोवती केस उगवलेले असतात. शेपटी पिरगाळलेली असेल तर बैल ती नेहमीसारखी हलवत नाही, माश्या बसल्या तरी.

पण एकट्या जखमेवर धुरकऱ्याला दोषी धरू नका. छकड्याचा खिळा वर आलेला असतो, कुंपणाची तार लागते, गाडीतून उतरवताना फळी घासते. नोंदीत नसलेली ताजी जखम दिसली तर ती जोडी त्या दिवशी पुन्हा पळवायची नाही, कारण जखमी जनावर पळवायचंच नसतं. त्यात धुरकऱ्याच्या दोषाचा प्रश्नच येत नाही. धुरकऱ्याच्या शिक्षेसाठी जखमेला व्हिडिओची जोड हवी, किंवा वेगवेगळ्या जागी उभ्या असलेल्या दोन पंचांच्या नजरेची. दारू पाजली, इंजेक्शन टोचलं, असले आरोप तर पंचानं तोंडातूनसुद्धा काढू नयेत. ते डॉक्टरांनी तपासायचं काम.

आणि लाउडस्पीकर. याच्यावर मी समित्यांशी फार भांडलो आहे. निर्णय लागायच्या आधी माइकवरून धुरकऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे नाही. माइकवाल्याला रंग भरायचा असतो. तो ‘अरेरे, काय केलं हे’ म्हणतो आणि पाच मिनिटांत दोन गावं एकमेकांवर धावून जातात. ‘अमुक क्रमांकाच्या धावेचा निकाल राखून ठेवला आहे’ एवढंच वाक्य कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.

चौकशी त्याच संध्याकाळी उरका. धुरकऱ्याला समोर बसवा, आरोप एका वाक्यात सांगा, व्हिडिओ दाखवा आणि मग त्याला बोलू द्या. मालकाला त्या वेळी बाहेर बसवायचं, त्याचं ऐकायचं नंतर, वेगळं. पंचांपैकी कोणी नात्यातला किंवा त्याच गावचा असेल तर त्यानं स्वतःहून उठावं. निर्णय वहीत लिहा : काय दिसलं, कोणता नियम मोडला, निकालाचं काय, धुरकऱ्याचं काय, मालकाचं काय. दोघांच्या सह्या घ्या; नाही केली तर ‘सही नाकारली’ असं लिहून दोन साक्षीदारांच्या घ्या. हे सगळं होईपर्यंत बक्षीस समितीच्या पेटीत. पहिल्या क्रमांकाला मोटारसायकल असेल तर तिची चावी अध्यक्षाच्या खिशात. मंचावर फोटो काढू द्या, हार घाला, पण तपासणी होऊन पंचांची सही पडल्याशिवाय चावी सोडू नका. शिवाय नोंदणीच्या अर्जावरच लिहून घ्या की आठ दिवसांत पक्का पुरावा पुढं आला तर बक्षीस परत करावं लागेल. मुदत हवीच, नाहीतर तीन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ घेऊन लोक येतात.

आता धुरकरी आणि मालक. तुमच्या पत्रात मालकाचा उल्लेख फक्त ‘बक्षीस दिलं नाही’ इतकाच आहे, मला मात्र खरी मेख तिथंच दिसते.

धुरकरी कोण असतो? बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेतात राबणारा, नाहीतर दोन-तीन एकरवाल्याचा पोरगा. जोडी त्याची नसते. पटाच्या दिवसाची मजुरी, जिंकलं तर खुशाली, आणि नाव. जोडीची किंमत लाखांत, मालकाची इज्जत त्याहून जास्त. मालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “या टायमाले पहिला नंबर पायजे, कसा आनतं ते तू पाह्य.” काडी कोणाच्या हातात होती ते व्हिडिओत दिसतं, हे वाक्य व्हिडिओत येत नाही. म्हणून सगळी शिक्षा धुरकऱ्यावर टाकली की मालक पुढच्या आठवड्यात दुसरा पोरगा बसवतो. जोडी तीच, काडीही तीच.

एका पटात असंच झालं. धुरकऱ्यानं सगळं स्वतःवर घेतलं, मालकाला काही माहीत नव्हतं म्हणाला. आम्ही जुनी वही काढली. त्याच मालकाची जोडी मागच्या हंगामात दुसऱ्या धुरकऱ्याच्या हाताखाली तशाच कारणानं बाद झालेली निघाली. दोन वेगळी पोरं, एकच गोठा. तेव्हापासून मी हा नियम घालायला लावतो : एकाच मालकाच्या जोडीवर दोन हंगामांत दोनदा तुतारी-बॅटरीचा प्रकार सिद्ध झाला तर धुरकरी कोणीही असो, त्या मालकाची कोणतीही जोडी पुढचा हंगाम घ्यायची नाही. भावाच्या किंवा मुलाच्या नावानं आणली तरी. कानातला बिल्ला इथंही कामी येतो.

दंडाचंही याच अंगानं बघा. धुरकऱ्याला केलेला दंड भरतो कोण? मालक भरतो. ज्याची जोडी लाखांची, त्याला पाच हजार म्हणजे पटाचाच एक खर्च. आणि मालकानं नाही भरला तर तो त्या गरिबाच्या मजुरीतून कापला जातो. म्हणून माझं मत : दंड मालकाला, बंदी धुरकऱ्याला, निकाल जोडीचा. उलटं केलं की कोणालाच लागत नाही.

आता तुम्हाला हवा असलेला आकडा. तो थोडा परिस्थितीवर आहे. तुमच्या भागात हंगामात किती पट होतात, शेजारच्या समित्या ऐकतात की नाही, यावर तो कमीजास्त होईल. मी धरतो तो हिशोब असा. झेंडीच्या आधी सुटला, कासरा हातातून गेला, जोडी वाटेबाहेर गेली आणि त्यात हेतू दिसत नाही, तिथं धाव बाद आणि समज. दारू पिऊन छकड्यावर बसायला आला तर त्याला बसूच द्यायचं नाही, आणि त्या पटापुरता तो बाहेर. इथं मी दयामाया दाखवत नाही, कारण धावपट्टीच्या कडेला लेकरं उभी असतात. शेपटीला हात, पंचाला शिवीगाळ, मुद्दाम आधी सुटून फायदा घेणं, याला धाव बाद आणि तो पट धरून पुढचे काही आठवडे बंदी. दुसऱ्यांदा केलं तर उरलेला हंगाम. आणि खिळा, तुतारी, बॅटरी : धाव बाद, अधिकाऱ्यांना कळवणं, चालू हंगाम आणि पुढचा पूर्ण हंगाम बंदी. स्वतःहून कबूल केलं आणि वस्तू कोणी दिली ते सांगितलं तर मी पुढच्या हंगामातली अर्धी बंदी कमी करतो. ही सवलत मुद्दाम ठेवतो, तिच्यामुळंच गोठ्यातली गोष्ट बाहेर येते.

आजन्म बंदीच्या मी विरोधात आहे. धुरकरी आवडतात म्हणून नव्हे. आजन्म बंदी कोणी पाळत नाही म्हणून. पहिल्या वर्षी गाव तापलेलं असतं, दुसऱ्या वर्षी समिती बदलते, तिसऱ्या वर्षी तोच माणूस मावसभावाच्या नावावर छकड्यावर बसलेला दिसतो आणि सगळे दुसरीकडं बघतात. एकदा असं झालं की तुमच्या वहीतल्या बाकीच्या नियमांचीही किंमत जाते. शिवाय ज्याला परत यायची आशाच नाही तो कबुली कशाला देईल? दोन हंगामांची बंदी, पण कबुलीची सवलत सोडली तर एक दिवसही कमी न होणारी, ही माझ्या मते आजन्म बंदीपेक्षा जड आहे.

ती एक दिवसही कमी होऊ नये यासाठी शेजारच्या समित्या लागतात. तुमच्याकडं बंदी आणि पुढच्या रविवारी आर्णीकडं तोच धुरकरी पहिला, याला काही अर्थ नाही. परदेशातल्या त्या घोडागाड्यांत एका ट्रॅकवर निलंबित झालेल्या चालकाला दुसऱ्या ट्रॅकवरही सहसा बसू देत नाहीत. आपल्याकडं ते बोलून जमवावं लागतं. संक्रांतीच्या आधी आजूबाजूच्या आठ-दहा समित्यांच्या अध्यक्षांनी एकदा बसावं, एकमेकांचे निर्णय पाळायचे असं ठरवावं. मात्र कळवायचा तो सह्या झालेला निर्णय. व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही. तो कुठवर जाईल आणि कोण त्यावर काय लिहील यावर तुमचा ताबा राहत नाही, आणि त्या माणसाची लेकरं शाळेत जातात.

‘जोड्या येणार नाहीत’ ही भीती खोटी नाही. पहिल्या वर्षी काही जोड्या कमी होतात, हे मी पाहिलं आहे. प्रवेश फीही त्या प्रमाणात घटते, म्हणून त्या वर्षीचं बक्षीस आधीच थोडं कमी जाहीर करा, उधारीवर मोठं बक्षीस लावू नका. पण मालकांचा दुसराही एक वर्ग असतो, तो ‘तुमच्याकडं घोळ चालतो’ म्हणून येत नसतो. तो हळूहळू यायला लागतो. त्याला बोलवायला पत्रकावर नियम मोठ्या अक्षरात छापा, बक्षिसांच्या यादीच्या वर.

राहता राहिलं गेल्या वर्षीचं प्रकरण. त्या वेळी तुमच्याकडं लेखी शिक्षा नव्हती, त्यामुळे आज नवा नियम करून तो मागच्या तारखेनं त्याच्यावर लावू नका. उद्या तो चारचौघांत हेच विचारेल आणि त्याचं बरोबर असेल. मात्र कोणाची नोंदणी घ्यायची हा समितीचा अधिकार आहे. त्याला बोलवा, व्हिडिओ दाखवा, काडी कोणी दिली ते विचारा, जे बोलेल ते वहीत लिहा. मग या हंगामापुरता त्याला प्रवेश नाही असं ठरवा, आणि पुढच्या हंगामापासून नवे नियम मान्य असल्याची सही घेऊन येऊ द्या. व्हिडिओ दडवून ठेवू नका. या वर्षीच्या परवानगीचा अर्ज देताना काय घडलं आणि आता काय बंदोबस्त केला हे स्वतःहून लिहून द्या. कचेरीत ते दुसऱ्या कोणाकडून पोचण्यापेक्षा तुमच्याकडून पोचलेलं बरं.

मालकाकडून ते बक्षीस परत येईल असं मला वाटत नाही. अर्जावर तशी अट नव्हती, त्यामुळे जोरही करता येणार नाही. पण एक पत्र द्या : बक्षीस किंवा तेवढी रक्कम जमा होईपर्यंत त्यांच्या नावाची, त्यांच्या घरातल्या कोणाच्याही नावाची आणि त्या दोन बिल्ला क्रमांकांची जोडी नोंदवली जाणार नाही. जमा झालेली रक्कम दुसऱ्या आलेल्या जोडीला द्यायची, समितीनं ठेवायची नाही, हेही त्या पत्रातच लिहा. आणि पत्र नोंदणी सुरू व्हायच्या आधी त्यांच्या घरी पोचलं पाहिजे. गाडीभाडं भरून, झूल घालून जोडी सुटायच्या रेषेवर आणल्यावर नाही म्हणाल, तर चूक कोणाची होती हे त्या गर्दीत कोणालाच आठवणार नाही.